संप, हरताळ, राजीनामा

भाषा हा विषय पंडितांचा. आमच्यासारख्या, सातवीनंतर दप्तर ठेवून कारखान्यात शिरलेल्या माणसाने त्यावर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले ते 'कामगार चळवळीचा इतिहास' सांगण्यासाठी. पण त्या इतिहासातील संपांच्या तारखा आणि पुढाऱ्यांची नावे तुम्ही ह्यापूर्वी ऐकली असतील, नसतील तर वाचनालयात मिळतील. आम्ही त्याच इतिहासाची एक बाजूची खिडकी उघडणार आहोत. गेली तीस वर्षे आम्ही ज्या माणसांत वावरलो, ती एका भाषेची कधीच नव्हती. मराठी, गुजराती, उत्तर प्रदेशची हिंदी, तेलुगू, मल्याळी, सगळे एकाच खात्यात. ह्या माणसांपुढे आपण एक शब्द उच्चारावा आणि तो प्रत्येकाच्या कानात निराळा होऊन शिरावा, असा प्रसंग आम्हांवर शेकडो वेळा आला. अशा वेळी शब्द नुसता शब्द राहत नाही. त्यावर कोणाची तरी चूल अवलंबून असते.

प्रथम आमच्या धंद्याचाच शब्द घेऊ. संप.

मराठी माणसाला संप म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. काम बंद, गेटावर गर्दी, पोलिसांची गाडी, घरात उधारी. आता हाच शब्द गुजराती माणसाला विचारा. तो म्हणेल, संप म्हणजे एकी, सलोखा, गुण्यागोविंदाने राहणे. गुजरातीत म्हण आहे, 'संप त्यां जंप'. जेथे एकी तेथे शांती. ही म्हण गुजराती घरातून मुलांना शिकवतात. आम्ही ती प्रथम ऐकली एका गिरणीच्या जुन्या गुजराती हिशेबनिसाकडून. त्याने ती अगदी सहज उच्चारली आणि आमच्याबरोबरचे दोघे मराठी कार्यकर्ते एकमेकांकडे पाहू लागले. जेथे संप तेथे शांती! मालकाच्या पेढीवरचा माणूस हे म्हणतो?

हा योगायोग नव्हे. जुन्या मराठीतही संप म्हणजे एकी, जूट, चारजणांनी ठरवून एका मताने वागणे. तेल्यांनी संप केला, विणकरांनी संप केला, म्हणजे त्यांनी आपसांत एकमत केले. मग एकमत करून काय केले? बहुधा माल विकायचे किंवा काम करायचे बंद केले. हळूहळू एकमत मागे पडले आणि बंद पुढे आला. गुजरातीत शब्द घरात राहिला, मराठीत तो गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. एकच शब्द दोन बहिणींकडे नांदला आणि एकीकडे शांतीचा झाला, दुसरीकडे लढाईचा.

आम्हांला ह्यात गंमत वाटते ती अशी की विलायतेतही अगदी हेच घडले होते. इंग्लंडात ज्या कायद्यांनी कामगारांच्या संघटनांवर बंदी घातली, त्या १७९९ आणि १८०० सालच्या कायद्यांच्या नावात 'काँबिनेशन' हा शब्द आहे, म्हणजे अक्षरशः संप, जुन्या अर्थाचा. एकत्र येणे हाच गुन्हा. १८२४ साली ते कायदे उठले, तरी पुढच्याच वर्षी काही बंधने परत आली. फ्रान्समध्ये १७९१ च्या कायद्याने हेच केले आणि तेथे 'एकजुटीचा गुन्हा' १८६४ सालापर्यंत कायद्यात होता. आपल्याकडे १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदलेल्या युनियनला फौजदारी संगनमताच्या आरोपापासून काही संरक्षण दिले, तोवर चार मजुरांनी मिळून ठरवणे हे कटासारखेच धरता येत होते. एकत्र येणे आणि काम थांबवणे ह्या दोन गोष्टी सरकारच्या लेखी एकच होत्या. मराठी भाषेने तेवढे खरे सांगून ठेवले आहे.

आता जगात इतरत्र संपाला काय म्हणतात ते पाहू. ह्या यादीत जेवढा इतिहास आहे तेवढा जाड ग्रंथांत आम्हांला आढळला नाही. इंग्रजी 'स्ट्राइक' म्हणजे मारणे, प्रहार करणे, असे आपण शाळेत शिकतो आणि संपाचा अर्थ त्यावरून लावतो: मालकावर प्रहार. तसे नाही. जहाजाचे शीड खाली उतरवणे ह्यालाही खलाशांच्या बोलीत तेच क्रियापद आहे. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडे उतरवून ठेवली, आणि तेथून काम थांबवण्याला ते नाव पडले. म्हणजे त्या शब्दात मारामारी नाही, वाऱ्याला दिलेला नकार आहे.

फ्रेंच भाषेत संपाला 'ग्रेव्ह' म्हणतात. ह्याचा मूळ अर्थ वाळूचा किनारा. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी एक चौक होता, त्याचे नाव प्लास द ग्रेव्ह. आपल्याकडे मजूर नाक्यावर उभे राहतात ना, बांधकामाला कोणी बोलावील म्हणून? तसे पॅरिसचे बेकार मजूर ह्या चौकात उभे राहत. 'ग्रेव्ह करणे' म्हणजे काम शोधत नाक्यावर उभे राहणे. पुढे अर्थ पार उलटला: काम नको म्हणून बाहेर पडणे. ह्याच चौकात सरकार गुन्हेगारांना फाशी देत असे आणि १७९२ च्या एप्रिलात गिलोटिन प्रथम चालले तेही येथेच. वाळू, बेकारी, फाशी आणि संप, एका शब्दाच्या पोटात एवढे. तोच शब्द इंग्रजी बोलणाऱ्याने नुसता अक्षरांवरून वाचला तर त्याला 'थडगे' दिसेल. त्या दोन शब्दांचा अर्थाने काही संबंध नाही. तथापि मालक लोकांना तो असावा असे वाटत असेल.

स्पॅनिशमध्ये संप म्हणजे 'वेल्गा', त्याचे मूळ श्वास घेण्याच्या, विसावा घेण्याच्या क्रियापदात. रशियनमध्ये 'झाबास्तोव्का'. हा शब्द पत्त्यांच्या डावातून आला. इटालियन लोक 'बास्ता' म्हणतात, म्हणजे पुरे. खेळणाऱ्याने पत्ते खाली टाकले की पुरे. रशियन मजुराने तो शब्द उचलला आणि हत्यार खाली टाकले.

आता हा 'बास्ता' मराठी बाईला ऐकवा. तिला लग्न आठवेल! बस्ता बांधायचा, म्हणजे नवरानवरीचे कपडे घ्यायचे. आपला बस्ता फारसीतला, त्याचा अर्थ बांधलेला, गाठोडे. उत्तरेत पोराच्या शाळेच्या पिशवीला तेच नाव आहे. इटालियनच्या 'पुरे'शी त्याचे काडीचे नाते नाही. मात्र 'पुरे' अशा अर्थाचा दुसरा एक शब्द फारसीतून आपल्याकडे आलेला आहे: बस. त्याची कथा आणखी विचित्र. मराठीत 'बस' म्हणजे खाली टेक. हिंदीत 'बस' म्हणजे पुरे. आणि रस्त्यावरून धावते ती बस लॅटिनच्या 'सर्वांसाठी' अशा अर्थाच्या शब्दाची शेपटी आहे. एका वाहतूक संपाच्या वेळी आमच्या एका हिंदी भाषिक साथीदाराने डेपोत ओरडून सांगितले, 'बस, अब बस नहीं!' तेव्हा एक मराठी वाहक खरोखरच खाली बसला. हशा झाला. पण असे प्रसंग सगळे हशावर संपत नाहीत, ते पुढे येईलच.

हरताळ ह्या शब्दाकडे वळू. हा मराठीत दोनदा आला आहे, दोन निरनिराळ्या वाटांनी, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

एक हरताळ म्हणजे पिवळे खनिज, सोमलाच्या जातीचे विषारी द्रव्य. संस्कृतात हरिताल. जुने लेखक पोथी लिहिताना अक्षर चुकले की खरवडीत नसत. हरताळाची पूड डिंकात कालवून त्या अक्षरावर फासत, पिवळ्या लेपाखाली चूक गडप होई. त्यावरून 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार: तत्त्वाला हरताळ फासला, वचनाला हरताळ फासला. म्हणजे होते ते पुसून टाकले. दुसरा हरताळ बाजारातला. हट्ट म्हणजे बाजारपेठ, दुकान. त्याला ताळे, म्हणजे कुलूप. दुकानाला कुलूप ती हडताळ. हिंदी आणि गुजराती ह्या दोन शब्दांत 'र' आणि 'ड' ह्यांचा फरक अजून सांभाळतात. मराठीने दोघांना एकाच सदऱ्यात घातले. त्यामुळे मराठी वर्तमानपत्रात 'हरताळ' असा मथळा आला की सरकारी माणसाला त्यात पुसून टाकण्याचा वास येतो आणि दुकानदाराला कुलपाचा.

हडताळ ही मुळात व्यापाऱ्यांची आणि शोकाची रीत. राजाने जुलमी कर बसवला, गावात थोर माणूस गेला, की पेठ बंद. गांधीजींनी ही रीत उचलली आणि रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ रोजी सबंध देशाला हरताळ पाळायला सांगितले. तेव्हापासून हा शब्द समुद्र ओलांडून गेला. मलायात २० ऑक्टोबर १९४७ रोजी तेथील चिनी, मलायी आणि हिंदी लोकांनी इंग्रजांच्या राज्यघटनेविरुद्ध जो देशव्यापी बंद पाळला त्याला त्यांनी 'हरताल' म्हटले. सिंहलद्वीपात १२ ऑगस्ट १९५३ रोजी तांदळाचा भाव सरकारने एकदम वाढवला म्हणून लोक उठले, त्यालाही 'हरताल' हेच नाव इतिहासात राहिले. आपल्या बाजारातले कुलूप कोलंबोपर्यंत गेले, मात्र पोथीतला पिवळा लेप येथेच राहिला.

मराठीने ह्या दोन शब्दांत एक सूक्ष्म भेद केला आहे, तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. हरताळ पाळतात, संप करतात. दुकानदार हरताळ पाळतो तेव्हा स्वतःच्याच दाराला कुलूप लावतो. किल्ली त्याच्याच कनवटीला असते. कामगाराजवळ किल्ली नसते. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईत पेठाही बंद झाल्या आणि गिरण्याही. दुकानदाराचा हरताळ त्याच्या गल्ल्याचा तोटा होता. गिरणीवाल्यांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस काम सोडले तेव्हा रस्त्यात गोळीबार झाला आणि माणसे मेली. हा फरक कोशात सापडत नाही.

बंगालीत कामगारांच्या संपाला 'धर्मघट' म्हणतात. हा शब्द ऐकून आपल्या आजीबाई हात जोडतील. कारण वैशाखात ब्राह्मणाला गार सुगंधी पाण्याने भरलेला घडा दान देतात, तो धर्मघट. सध्या वैशाखच चालू आहे, येथेही दाराशी माठ ठेवलेला आम्ही येताना पाहिला. बंगालात घट मांडून, धर्माला साक्षी ठेवून, सर्वांनी मिळून शपथ घ्यायची आणि मग ती मोडायची नाही, अशी रीत सांगतात, त्यावरून तेथे संपाला हे नाव पडले म्हणतात. मल्याळीत 'समरम्' म्हटले की साधा मोर्चा किंवा संप; आपल्याला समर म्हणजे एकदम कुरुक्षेत्र. मुंबईच्या इस्पितळातील केरळी परिचारिका आपसांत 'समरम्, समरम्' असे बोलू लागल्या तर मराठी हवालदाराने बंदोबस्त वाढवला म्हणून त्याला दोष देता येणार नाही. सोलापूर-भिवंडीच्या तेलुगू विणकरांचा 'सम्मे' मात्र आपल्या कोणत्याच शब्दाच्या वाटेत येत नाही, त्यामुळे त्यांच्याशी घोटाळा कमी होतो.

महाजन हा शब्द घोटाळ्याच्या बाबतीत सर्वांचा गुरू. अहमदाबादेत महाजन म्हणजे व्यापाऱ्यांची किंवा कारागिरांची पंचायत, धंद्याचे नियम ठरवणारी. १९१८ साली तेथील गिरण्यांत संप झाला. प्लेगच्या वेळी दिलेला बोनस मालकांनी बंद केला म्हणून कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडले. अनसूयाबेन साराभाई कामगारांच्या बाजूला, त्यांचे सख्खे बंधू अंबालाल मालकांच्या बाजूला, आणि गांधीजींनी उपोषण केले ते ह्याच संपात. पुढे १९२० साली त्या कामगारांची संघटना झाली, तिचे नाव 'मजूर महाजन'. गुजराती कानाला ह्यात मानच मान आहे: आजवर शेटलोकांचे महाजन होते, आता मजुरांचेही झाले.

हेच नाव संथाळ परगण्यातल्या माणसाला सांगा. तो घाबरेल. त्याच्याकडे महाजन म्हणजे सावकार, गळ्यातला फास. १८५५ साली सिदो आणि कान्हू ह्यांच्यामागे संथाळ उठले ते जमीनदारांवर, कंपनी सरकारवर आणि ह्याच महाजनांवर. आमच्या भागात बिहारकडून आलेल्या एका वयस्क मजुराला आम्ही मजूर महाजनाची हकीकत मोठ्या उत्साहाने सांगत होतो. त्याने शेवटी विचारले, 'साहब, मजदूर का महाजन ब्याज कितना लेता था?' पुण्याजवळ सुप्याला १८७५ साली शेतकऱ्यांनी कर्जाचे कागद जाळले, ती हकीकत मात्र त्याला लगेच समजली. आपण तिथे 'सावकार' म्हणतो, 'महाजन' म्हणत नाही, एवढाच फरक. आपल्याकडे शेटे-महाजन हे पेठेचे वतनदार होते. आणि गोव्यात महाजन म्हणजे देवस्थानाचे परंपरागत हक्कदार. ते व्याज घेत नाहीत, पालखीचा मान घेतात. चार मुलूख, चार महाजन.

पगाराविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, नाही तर आमच्या सभासदांना आवडणार नाही. पगार हा शब्द पोर्तुगिजांचा. त्यांच्याकडे तो 'देणे, चुकते करणे' असे क्रियापद आहे, आपण त्याचे नाम केले आणि महिन्याच्या कनवटीला बांधले. गोव्याच्या अस्नोड्याजवळच्या नव्हे, आसगावच्या मातीत जन्मलेले मोन्सिन्योर दाल्गादो ह्यांनी पोर्तुगीज शब्द आशियातल्या भाषांत कोठे कोठे पसरले ह्यावर १९१३ साली एक मोठा ग्रंथ काढला. पाव, चावी, बटाटा, तुरुंगाबाहेरचे आणि आतले कितीतरी शब्द असे समुद्रावरून आले. आता मलायी भाषेतही 'पगार' आहे, अगदी हाच उच्चार. पण तेथे त्याचा अर्थ कुंपण! हा त्यांचा स्वतःचा शब्द, पोर्तुगिजांशी संबंध नसलेला. आमच्या युनियनच्या एका वर्गात आम्ही हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक तरुण म्हणाला, 'आमच्याकडेही तेच आहे, ह्या कुंपणाबाहेर पाऊल टाकता येत नाही.' वर्गाला ते पटले. भाषाशास्त्राला पटणार नाही. अक्षरे जुळली म्हणून अर्थ जोडायचा मोह फार, आणि तो आवरला पाहिजे.

ज्याला आम्ही हयात वाहिली तो 'कामगार' शब्दच पाहा. आपण त्याचा विग्रह सरळ करतो: काम करणारा. 'गार' हा प्रत्यय फारसी, खिदमतगारातला. पण फारसीत 'कामगार' हा आयता शब्द आहे आणि त्याचा अर्थ ज्याच्या इच्छा पुऱ्या झाल्या आहेत असा भाग्यवान, ऐश्वर्यवान पुरुष! कारण फारसी 'काम' म्हणजे इच्छा. संस्कृतातल्या काम-क्रोधातला काम त्याचा भाऊ. औरंगजेबाच्या धाकट्या मुलाचे नाव कामबक्ष, म्हणजे इच्छा पुरवणारा. मोगल उमरावांत कामगारखान असे नाव असे. आपण जे काम करतो ते निराळे: संस्कृत कर्म, प्राकृत कम्म, मराठी काम. उच्चार एक, कुळे दोन. मुंबईच्या एका इराणी हॉटेलात गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या शेटजींनी आमच्या छातीवरचा बिल्ला वाचून घेतला आणि विचारले, 'तुम्ही सगळे कामगार? मग मोर्चा कशाला?' त्यांना थट्टा करायची होती की खरेच शंका आली, ते आम्ही अजून ठरवू शकलो नाही.

मराठीत तरी कामगार म्हणजे पूर्वी मजूर कोठे होता? जुन्या कागदांत कामगार म्हणजे अधिकारी, कारभार पाहणारा. त्या अर्थाचे एक शेपूट अजून शिल्लक आहे: कामगार तलाठी, कामगार पाटील. कोणी समजेल की तलाठ्यांनी युनियन काढली. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीवाल्यांच्या सभा भरवून साडेपाच हजारांच्या सह्यांचे निवेदन दिले आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळवली, तेव्हा त्यांच्या संस्थेच्या इंग्रजी नावात 'मिल हँड्स' होते. नुसते हात. धड नाही, डोके नाही. १९०९ साली 'कामगार हितवर्धक सभा' निघाली, १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात 'गिरणी कामगार युनियन' उभी राहिली, आणि अधिकाऱ्याचा शब्द हातांच्या मालकीचा झाला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली पक्ष काढला त्याचे नाव 'स्वतंत्र मजूर पक्ष' ठेवले. दोन वर्षांनी संपावर बंधने घालणारे बिल मुंबईच्या कायदेमंडळात आले तेव्हा संपाचा हक्क हे स्वातंत्र्याचेच दुसरे नाव आहे असे त्यांनी मांडले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. बिल पास झालेच. असो.

बदलीचे दोन शब्दांत सांगून पुढे जाऊ. गिरणीत बदली म्हणजे कायम माणसाच्या जागी दिवसापुरता घेतलेला. रोज पहाटे गेटावर उभे राहायचे, हाक आली तर काम, नाही तर घरी. हिंदीत बदली म्हणजे लहानसा ढगही. उत्तरेचे लोक चैत्रात आकाशाकडे बघून 'बदली है' म्हणतात. आमच्या बदली कामगारांना ते ऐकवले तर त्यांनी एवढेच विचारले की पाऊस पडेल का.

आता राजीनामा. हा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण ह्या शब्दाने एका माणसाची अकरा वर्षे घेतली.

राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. राजीनामा म्हणजे संमतीचा लेख, दुसरे काही नाही. पेशवाईत तंटा पंचायतीपुढे गेला की वादी आणि प्रतिवादी, पंच सांगतील ते मान्य, असा राजीनामा लिहून देत. इंग्रजी अमलात दिवाणी दाव्यात दोघांनी आपसांत मिटवले की कोर्टात राजीनामा दाखल होई. उत्तर हिंदुस्थानात तो आजही तेथेच आहे. राजीनामा हो गया, म्हणजे भांडण मिटले, समझोता झाला. नोकरी सोडण्याला ते इस्तीफा म्हणतात, फार तर त्यागपत्र.

मग आपल्याकडे त्याचा अर्थ नोकरी सोडणे असा कसा झाला? आमच्या मते वाट जमिनीतून गेली. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी नवी जमीनमोजणी सुरू केली आणि ती पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. तीत रयतेला एक मोकळीक होती: सारा परवडत नसेल तर वर्षाच्या ठराविक मुदतीत अर्ज देऊन आपला नंबर सोडून द्यावा. त्या अर्जाचे नाव राजीनामा; आपण राजीखुशीने ही जमीन सोडतो, अशी संमती. जो नवा माणूस ती जमीन घेई तो कबुलायत लिहून देई. राजीनामा-कबुलायत ही जोडी महसुलाच्या दप्तरात घट्ट बसली. राजीखुशीने जमीन सोडणे ह्यावरून राजीखुशीने जागा सोडणे, ही पायरी लहानच आहे. पण पहिल्या अर्थात दोन पक्ष राजी होते, दुसऱ्यात एकच उरला. दुष्काळात सारा भरता न आल्याने जमीन सोडणारा कुणबी कितीसा राजी असेल?

आज हा अर्थ मराठीपुरता नाही. गुजरातीत राजीनामुं, कानडीत राजीनामे, तेलुगूत राजीनामा, सगळीकडे नोकरी किंवा पद सोडणे. म्हणजे हिंदुस्थानच्या नकाशावर एक रेघ ओढता येईल. तिच्या खाली राजीनामा दिला की माणूस घरी जातो. तिच्या वर राजीनामा दिला की माणूस कामावर परत येतो. आणि ह्या रेघेवरून रोज आगगाड्या भरभरून माणसे खाली उतरतात.

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात असाच एक माणूस होता. पूर्वेकडच्या उत्तर प्रदेशचा, प्रेसवर काम करणारा, अकरा वर्षे नोकरी. सुपरवायझरशी त्याची बाचाबाची झाली, दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याला कचेरीत बोलावले. टेबलावर मराठीत छापलेला कागद होता, आणि साहेब त्याला मोडक्या हिंदीत म्हणाले, 'राजीनामा दे दो, मामला खतम करो.' माणूस खूश झाला. त्याच्या गावी ठाण्यात शंभर भांडणे अशीच मिटलेली त्याने पाहिली होती. त्याने सही केली, साहेबांना नमस्कार केला, सुपरवायझरचा हात हातात घेतला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो डबा घेऊन गेटावर आला तेव्हा त्याचे कार्ड जागेवर नव्हते.

तो आमच्याकडे आला तेव्हा त्याला अजून वाटत होते की सुपरवायझरने शब्द फिरवला. साहेबांनी काय केले हे त्याला समजावून सांगायला आम्हांला अर्धा तास लागला. 'लेकिन राजीनामा तो हो गया था,' एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणे.

त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली आम्ही तक्रार घातली. राजीनामा स्वेच्छेचा नसेल तर तो राजीनामा नव्हे, हे तत्त्व कायद्याला मान्य आहे. पण दमदाटी झाली नव्हती, कोणी हात धरला नव्हता. सही त्याने हसत केली होती. समझोता अधिकारी सज्जन होते, मराठी होते. त्यांना आमचे म्हणणेच प्रथम कळेना. राजीनाम्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे त्यांनी कधी ऐकले नव्हते. मग आम्ही वाचनालयातून काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या हिंदी कोशाचा तो खंड आणला आणि त्यांच्यापुढे उघडून ठेवला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो उतारा दोनदा वाचला. कंपनीचे वकील म्हणाले, कोश हा पुरावा होत नाही. कारखाना महाराष्ट्रात आहे, तेथे मराठी अर्थच चालेल. ह्या म्हणण्यातही अर्थ नव्हता असे नाही. आम्हीच एरवी मराठीचा आग्रह धरतो. पण ज्या माणसाची सही घ्यायची त्याच्याशी बोलताना साहेबांनी हिंदी वापरली होती. बोलणे त्याच्या भाषेत आणि सही आपल्या भाषेत, हे आम्हांला पटेना.

सात महिने तारखा पडल्या. शेवटी कंपनी त्याला घ्यायला कबूल झाली, पण नवा कामगार म्हणून. मागची अकरा वर्षे धरणार नाही, ग्रॅच्युइटी होईल तेवढी देऊन टाकू. आम्ही त्याला कोर्टात जाऊ म्हणून सांगितले. गावी बहिणीचे लग्न ठरले होते, तो थांबायला तयार नव्हता. तडजोडीचा कागद आम्ही ह्या खेपेस हिंदीत करून घेतला आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवला. पेन हातात घेतल्यावर त्याने विचारले, 'ये कौन-सा वाला है?' आम्ही म्हटले, 'तुमच्या गावचा.' मग त्याने सही केली.

त्यानंतर आमच्या कचेरीत दाराशी एक पुठ्ठा लावला आहे. त्यावर मराठी आणि हिंदी अशा दोन रांगांत चौदा शब्द आहेत. राजीनामा पहिला. त्याखाली शिक्षा, कारण मराठीत शिक्षा भोगतात आणि हिंदीत शिक्षा घेतात, आणि एका नोटिशीत तो शब्द वाचून दोघे तरुण नवे कपडे घालून आले होते. पंधरावा शब्द कोणता घालायचा ह्यावर सध्या सभासदांत वाद चालू आहे.